सहाच्या खालची रेघ

पसेइक, न्यू जर्सी
१४ नोव्हेंबर १९५५

प्रिय वेंदो,

तुझं नाव आता वेंडेल झालंय हे मला ठाऊक आहे, पाकिटावर मी तेच लिहिलंय. आत मात्र वेंदोच म्हणणार. तुझी आई गेली तेव्हापासून याच नावाने तुला जेवायला हाका मारल्या, आता जिभेला नवं वळण लावायचं माझं वय नाही.

ख्यालीखुशाली मागून. आधी काम सांगते. माझ्या नळ्या रिजेक्ट व्हायला लागल्यात. गेल्या महिन्यात तीन, या महिन्यात अर्ध्यातच तीन. वेंदो, हॅलवर्सन कंपनीत मी एकोणीस वर्षं व्हॅक्यूमच्या नळ्या जोडतेय. आधी रेडिओच्या, लढाईपासून रडारच्या. वर्षाला दोन नळ्या माझ्या हातून वाया गेल्या तर मी घरी येऊन जेवत नसे, हे तू पाहिलंयस.

पूर्वी तू इथेच इंजिनियर होतास, तेव्हा टेस्टिंगच्या दाराआड जायचास. आम्हा बायकांना ते दार अजून बंदच आहे. सरकारी काम, म्हणून आकडा दाराबाहेर येत नाही. बाहेर येते ती नुसती चिठ्ठी. नळीचा नंबर, जोडणारीची खूण आणि पास किंवा रिजेक्ट. काय चुकलं ते कुणी सांगत नाही.

काल आमच्या सुपरवायझर मिस ऑग्डेनने सगळ्यांसमोर माझे हात उलटे करून बघितले. तळव्यावर कागद दाबला आणि उजेडात धरला. घामट हाताच्या बाईला नळीला शिवता येत नाही, घामातलं मीठ आत राहिलं की नळी खरखरते, हे मला सांगायला नको. कागद कोरडा होता. तरी ती म्हणाली, "लुडा, वय झालं की हात सुटतात." बारा बायका ऐकत होत्या. त्यातल्या आठ जणींना मी चिमटा धरायला शिकवलाय.

महिन्याला पाच झाल्या की पॅकिंगमध्ये पाठवतात. दाराआडची माणसं तुझ्या ओळखीची आहेत. माझ्या नळ्यांत काय खोट आहे तेवढं विचार.

तुमच्याकडे दारात संत्री लागतात म्हणे. सूनबाई मार्जोरीला आशीर्वाद. तिला म्हणावं, एवढी संत्री आहेत तर एखादं पत्रही लागू दे झाडाला.

तुझी मावशी
लुडमिला

*

पालो आल्टो, कॅलिफोर्निया
२ डिसेंबर १९५५

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला, क्षमा कर. कंपनीने ही नवी प्रयोगशाळा माझ्यावर सोपवल्यापासून श्वास घ्यायला सवड नाही. जूनमध्ये मोठी परिषद आहे, तिथे माझं व्याख्यान ठरलंय. माझ्या प्रबंधातला सिद्धान्त तुला मागे सांगितला होता. नळीची स्वतःची खरखर कितीही प्रयत्न केले तरी सहा डेसिबलच्या खाली जाऊ शकत नाही, हे मी गणिताने दाखवलं. आता या धंद्यातले सगळे त्या आकड्यावर विसंबतात. पसेइकचा तपासणीचा तक्ताही इकडे येण्याआधी मीच त्यावरून करून दिला होता.

तुझ्या नळ्या नापास होतात याचा अर्थ त्या दहा-बारापर्यंत खरखरत असणार. वाईट वाटून घेऊ नकोस. भल्याभल्यांचे हात पन्नाशीनंतर सुटतात. कागदावर दिसत नाही इतका घामही पुरतो. कंपनीच्या डॉक्टरकडे फॉर्मॅलिनचं पाणी असतं, त्यात रोज बोटं बुडवलीस तर घाम थांबेल. संकोच करू नकोस.

तरी माझी खात्री व्हावी म्हणून तुझ्या रिजेक्ट झालेल्या दोन नळ्या मला पाठवता आल्या तर बघ. रीतसर मागवल्या तर सहा महिने कागद फिरतील आणि लोक शंभर प्रश्न विचारतील. फोडायच्या पिंपात त्या काही दिवस पडून असतात, हे तुला माहीत आहेच.

मार्जोरी तुझी आठवण काढते.

तुझा
वेंडेल

*

पसेइक
९ जानेवारी १९५६

प्रिय वेंदो,

या पार्सलात माकोव्निक, आपला खसखशीचा गोड रोल आहे, आणि त्याच्या डब्याच्या तळाशी तुझ्या दोन नळ्या. जन्मात मी कुणाची सुई उचलली नाही. तुझ्यासाठी पिंपात हात घातला आणि दोन्ही नळ्या मोज्यात घालून फाटकाबाहेर आणल्या. पहारेकरी म्हणाला, "लुडा, आज लंगडतेस का?" मी म्हटलं, थंडीने गुडघा धरलाय. आता पुढच्या रविवारी पाद्रीबाबांना काय सांगायचं ते मला सुचत नाही, तूच एखादं गणित काढून दे.

डॉक्टरने फॉर्मॅलिन दिलं. सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटं. वास असा की शेजारची मांजर माझ्या दाराशी यायची बंद झाली. बोटं पांढरी पडलीत, जरा चुरचुरतात, पण घाम म्हणशील तर टिपूस नाही. इलाज लागू पडणारसं दिसतंय.

डिसेंबरात चार रिजेक्ट आल्या. पाचवी आली नाही, देवाची कृपा. मिस ऑग्डेन माझ्या बाकाशी येऊन उभी राहते आणि काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नळ्या बघितल्यास की लगेच कळव. पॅकिंगमध्ये मी जाणार नाही, वेंदो. तिथे भुसा भरायचा असतो. या हातांनी मी केसाहून बारीक तार वळवली आहे.

मावशी

*

पसेइक
१२ मार्च १९५६

प्रिय वेंदो,

तुझं तीन मार्चचं पत्र आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी! लग्न ठरलं तेव्हासुद्धा मला अर्धंच पान आलं होतं. आणि चारही पानांत एकच विचारणं, की मी ड्रॉइंगपेक्षा वेगळं काय करते. "मावशी, काही लपवू नकोस, मी दोन महिने डोकं फोडतोय, मला उलगडत नाही," असं लिहिलंस. शाळेत असताना बेरीज अडली की तू असाच माझ्या पदराशी यायचास. खोटं कशाला बोलू, वाचून मला बरं वाटलं.

तर ऐक. वेगळं एकच करते, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कॅथोडची टिकली असते, तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा लेप. तिच्यासमोर भोकाचा पहिला पत्रा. दोघांच्या मध्ये ड्रॉइंगप्रमाणे चिनीमातीची एक चकती घालायची. गेल्या उन्हाळ्यानंतर चकत्या पातळ यायला लागल्या. पत्रा लेपाला टेकायचा, लेपाचे टवके उडायचे. मिस ऑग्डेनला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, ड्रॉइंगात एक आहे तर एकच. मग मी सांगायचं सोडलं आणि एकावर एक दोन चकत्या घालायला लागले. पत्रा चांगला लांब राहतो, लेप शाबूत राहतो. दुसऱ्या कुणाला हे जमणार नाही, दुसरी चकती सरकते. ती बोटाला जाणवावी लागते.

आता तू विचारलंस म्हणून मी तारखा जुळवून बघितल्या. दोन चकत्या सप्टेंबरात सुरू केल्या आणि रिजेक्ट ऑक्टोबरपासून. म्हणजे खोट माझ्या हातात नसून त्या चकतीत आहे का? तसं असेल तर सरळ सांग. उद्यापासून एकच घालीन, आणि मिस ऑग्डेनपुढे चूक कबूल करीन. शिव्या खाईन, पण बाक राहील. या महिन्यात आताच चार झाल्यात. तू काय सांगशील त्याची वाट बघते, तोवर बदलत नाही. नळ्या कशा निघाल्या तेही तू लिहिलं नाहीस.

मावशी

*

पालो आल्टो
२ एप्रिल १९५६

प्रिय मावशी,

चकतीचा याच्याशी काही संबंध नाही. तो विचार मनातून काढून टाक, आणि मिस ऑग्डेनला तर अजिबात सांगू नकोस. लष्करी कामात ड्रॉइंग मोडणं म्हणजे कामावरून काढून टाकण्याइतका गुन्हा आहे. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय.

तुझ्या दोन नळ्यांच्या चाचणीतून निश्चित असं काही निघालं नाही. हातांचा उपचार चालू ठेव. पसेइकच्या लोकांशी मी योग्य वेळी बोलेन. जूनची परिषद होईपर्यंत मात्र मला उसंत नाही.

वेंडेल

*

पसेइक
२० ऑगस्ट १९५६

प्रिय वेंदो,

एप्रिलपासून तुझी चिठ्ठी नाही. असो. मोठ्या कामात आहेस, आणि ते काम आता मला दिसलंसुद्धा.

मला पॅकिंगमध्ये जाऊन पाच महिने होत आले. तुझं पत्र यायच्या आधीच मार्चची पाचवी आली होती. माझा चिमटा स्वतःचा होता, तो पर्समध्ये घालून घेऊन आले. इथे सगळ्या पोरी बडबड्या आहेत, दिवस जातो.

हातांचं पाणी मी तू म्हणालास म्हणून चालू ठेवलं. म्हटलं, घाम पुरता बंद झाला की बाक परत मागू. पण आता बोटांची टोकं चामड्यासारखी कडक झालीत आणि फुटतात. परवा दूध किती तापलं बघायला बोट घातलं तर काहीच कळलं नाही, वाफ तोंडावर आली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणतो, बंद करा. तू म्हणशील तसं.

आता आनंदाची गोष्ट. कंपनीच्या मासिकात तुझा फोटो आला! कोट कुणी निवडला? खांद्यात ढगळ आहे. खाली लिहिलंय, डॉक्टर वेंडेल हराबको यांनी जगातली सगळ्यात शांत नळी केली, खरखर फक्त ४.७. मला आकडा बघून हसू आलं. सहाच्या खाली जातच नाही म्हणून तूच पैजा मारत होतास ना? पण स्वतःची चूक स्वतःच खोडून काढायला मोठं मन लागतं. पाद्रीबाबांना मासिक दाखवलं. त्यांनी प्रवचनात तुझं नाव घेतलं. तुझी आई असायला हवी होती.

मावशी

*

पसेइक
५ नोव्हेंबर १९५६

वेंडेल,

आज आतही तुझं नवंच नाव लिहिते. वेंदोला हे पत्र लिहिता येत नाही.

गेल्या सोमवारी डबा खायच्या सुट्टीत रोझालिया माझ्याकडे आली. माझ्या बाकावर आता ती बसते. म्हणाली, "लुडाबाई, कॅलिफोर्नियाहून नवं ड्रॉइंग आलंय. कॅथोड आणि पत्र्याच्या मध्ये एकावर एक दोन चकत्या घालायच्या. कुणालाच जमत नाही, दुसरी सरकते. तुम्हाला काही युक्ती सुचते का?" ड्रॉइंगवर नाव आहे हराबको चकती.

मी जिना चढून टेस्टिंगच्या दाराशी गेले. एमेट गिबन्स तिथला जुना माणूस, शुक्रवारी निवृत्त झाला. त्याचं सामान आवरून झालं होतं, आता त्याला कुणाची भीती नव्हती. मी विचारलं, "एमेट, माझ्या नळ्या किती खरखरत होत्या?"

तो म्हणाला, "खरखरत? लुडा, तुझ्या नळ्या फार गप्प होत्या. पाचच्या आत. सबंध कारखान्यात तसल्या नळ्या कुणाच्या नव्हत्या."

मग त्याने मला जुना तक्ता दाखवला. वर बाराला एक रेघ, खाली सहाला एक रेघ. बाराच्या वर गेली तर रिजेक्ट. आणि सहाच्या खाली गेली तरी रिजेक्ट, कारण इतकी शांत नळी असूच शकत नाही, तेव्हा ती आतून बिघडून मीटरला फसवते आहे असं समजावं आणि फोडावी. रेघेखाली तुझी सही आहे. नव्या तक्त्यात ती रेघ नाही. जूनमध्ये कॅलिफोर्नियाहून खोडायचा हुकूम आला.

म्हणजे चांगल्या होत्या म्हणून फोडल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. तुला जानेवारीत कळलं. तू दोन महिने डोकं फोडलंस ते माझ्या नळ्या इतक्या चांगल्या का आहेत म्हणून. आणि मी सगळं उघड करून सांगितल्यावर लिहिलंस की चकतीचा संबंध नाही, हातांचा उपचार चालू ठेव.

मला एवढंच सांग, ती ओळ लिहिताना तुझ्या डोळ्यांपुढे काय होतं? परिषद होती, की माझे हात?

लुडमिला

*

पालो आल्टो
१६ नोव्हेंबर १९५६

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एमेटने सांगितलं ते खरं आहे.

तो नियम मी लिहिला तेव्हा मनापासून खरा मानून लिहिला होता. तुझ्या नळ्यांनी पहिल्यांदा ४.७ दाखवले तेव्हा मी माझंच यंत्र खोलून बघितलं. मी आठ वर्षं ज्या सिद्धान्तावर उभा होतो तो पायाखालून गेला, याची तुला कल्पना नाही. कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन पहिल्या पत्र्यापर्यंत जितका जास्त वेळ सावकाश जातील, तितकी त्यांची धक्काबुक्की, म्हणजेच नळीची खरखर, आपोआप विरते. पत्रा लांब गेला आणि ते घडलं. तू ते जाणून केलं नव्हतंस. लेप वाचवायला केलं होतंस. का घडलं ते मी शोधलं, आणि शोध त्याला म्हणतात. हे तू समजून घेशील.

एप्रिलमध्ये मी खोटं लिहिलं. परिषदेआधी चकतीची गोष्ट पसेइकमध्ये फुटली असती तर दुसऱ्या कुणीतरी ती उचलली असती, आणि माझ्या हाती आयुष्यभर चुकलेला सिद्धान्त उरला असता. हातांचं इतकं होईल असं वाटलं नव्हतं. त्याची मला लाज वाटते.

आता एक मागणं आहे. पेटंटचे वकील डिसेंबरात कागद दाखल करणार आहेत. पसेइकमध्ये आधी दोन चकत्यांच्या नळ्या झाल्या होत्या, हे त्यांना कळलंय. सोबत एक छापील जबाब पाठवतो. ‘दोन चकत्या मी डॉक्टर हराबको यांच्या सांगण्यावरून घातल्या’, एवढंच त्यात आहे. त्यावर सही कर. आणि माझं तीन मार्चचं पत्र तुझ्याकडे असेल तर ते परत पाठव. ते परक्या हाती पडलं तर दोन नळ्या फाटकाबाहेर कशा गेल्या, तेही निघेल. मला तुझी काळजी वाटते.

मिस ऑग्डेनला मी कळवलंय की नव्या जोडणीसाठी तुला बाकावर परत बोलवावं. तुझी जागा तुला मिळेल.

तुझा
वेंदो

*

पसेइक
१ डिसेंबर १९५६

वेंडेल,

आठ वर्षांनी ‘वेंदो’ अशी सही केलीस. कामापुरता मामा म्हणतात, इथे मावशी.

मिस ऑग्डेनने मंगळवारी बोलावलं. मी माझा चिमटा घेऊन गेले. पांढरा डगला घातला, केस बांधले, बाकावर बसले. बाराही जणी हातातलं काम थांबवून उभ्या राहिल्या. रोझालियाने पहिली चकती बसवून दिली होती. मी दुसरी उचलली. चिमट्यात चकती आहे की नाही हेच मला कळेना, डोळ्यांनी बघावं लागलं. ती पडली. दुसरी घेतली, तीही पडली. सहाव्या चकतीला मी उठले. मिस ऑग्डेन म्हणाली, "हात गेलेत हे मी तेव्हाच सांगितलं होतं." आणि आता ते खरंच आहे. तू आणि ती मिळून खोटं बोललात आणि माझ्या हातांनी ते खरं करून दाखवलं. डॉक्टर म्हणतो, कातडी येईल, स्पर्श येणार नाही.

तुझ्या जबाबावर मी सही करत नाही. तुझ्या सांगण्यावरून मी बोटं बुडवली, चकती घातली नाही. मी जाणून केलं नाही म्हणतोस, ते खरं आहे. मी इलेक्ट्रॉन बघितला नाही. मी टवका बघितला. तुझ्या आठ वर्षांच्या गणिताला जो दिसला नाही तो.

तीन मार्चचं पत्र सोबत आहे. तुझी सगळी पत्रं मी तारखेने लावून ठेवते. सांगणारा माणूस चार पानं भरून विचारत नाही, हे तुझ्या वकिलाला वाचता आलं असतं. मला तुला उघडं पाडायचं असतं तर मी ते त्यालाच पाठवलं असतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. मरताना तुझ्या आईचा हात माझ्या हातात होता. पत्र तुझ्या अक्षरात आहे, त्याचं काय करायचं ते तूच ठरव. दाखवायचं धैर्य झालं तर दाखव.

मला बाक नको, नाव नको, चकतीला तुझं नाव राहू दे. मला एक ओळ हवी. मिस ऑग्डेनला लिही की लुडमिला हुदाकच्या नळ्या रिजेक्ट झाल्या त्या तिच्या हातांमुळे नव्हेत, नियम चुकला होता. आणि तिने ती ओळ बाकांपुढे उभं राहून वाचावी, बारा जणी ऐकत असताना. एवढी एक ओळ.

लुडमिला

*

पालो आल्टो
१९ डिसेंबर १९५६

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. त्याच दिवशी ते जाळून टाकलं, म्हणजे आता तुला कसलाही धोका नाही. जबाबाचीही गरज राहिली नाही, वकिलांनी वेगळी वाट काढली आहे.

मिस ऑग्डेनला लिहायचं मनात होतं. मसुदाही केला होता. पण पेटंट हाती येईपर्यंत जुन्या नळ्यांविषयी एक अक्षरही कागदावर येऊ नये, असं वकील म्हणतात. त्याला तीन-चार वर्षं लागतील. तोवर तूही निवृत्त झालेली असशील आणि त्या बायकांनाही काही आठवणार नाही.

तुझे हात उत्तम होते. हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तेवढं पुरेसं नाही का?

मार्जोरीने संत्र्यांची पेटी पाठवली आहे. पोचली की कळव.

तुझा
वेंडेल